पूर्वीचेच नाव

रविवारी सकाळी मी बाबांना माझा प्रबंध समजावून सांगायला बसले, ते बाईंचं ऐकून. बाई म्हणजे माझ्या मार्गदर्शक. तोंडी परीक्षेआधी आपलं काम अशा माणसाला सांगायचं, ज्याला त्यातलं ओ की ठो कळत नाही, असा त्यांचा नियम होता. "जाणकार माणूस मान डोलावतो," बाई म्हणायच्या, "आणि न कळणारा माणूस विचारतो."

परीक्षा गुरुवारी होती. ती पार पडली की पदवी, आणि पदवी मिळाली की दुसऱ्या शहरातल्या एका कॉलेजात शिकवायची जागा माझी. महिनाअखेरपर्यंत प्रमाणपत्र दाखवलं नाही, तर ती जागा यादीतल्या पुढच्या उमेदवाराला जाणार होती. महिना संपायला बारा दिवस होते. महिनाअखेरीलाच बाईही निवृत्त होणार होत्या.

बाबा घरीच होते. सव्वीस वर्षं काँक्रीटचा पंप चालवल्यावर पाच आठवड्यांपूर्वी त्यांच्या कमरेने संप पुकारला होता. पट्टा बांधून ते खिडकीपाशी ताठ खुर्चीत बसत आणि रस्त्यावरून जाणाऱ्यांच्या चुका काढत.

"हं, मास्तरीणबाई, होऊ दे सुरू."

"मी तुमच्या पंपावरच काम केलंय, बाबा. ओलं काँक्रीट पाइपातून कसं वाहतं, याचं एक समीकरण आहे. थोडा दाब दिला तर ते जागचं हलत नाही. पुरेसा दिला की वाहतं. दाब काढला की थांबतं. तर या समीकरणाला उत्तर आहे, हे मी सिद्ध केलंय."

"म्हणजे उत्तर काढलंस."

"काढलं नाही. आहे, एवढंच दाखवलं."

बाबांनी आईकडे पाहिलं. आई शिवणयंत्रावर कुणाचे तरी पडदे दुमडत होती. "ऐकलंस? चार वर्षं गेली, आणि उत्तर आहे एवढंच दाखवलं. मी रोज पाइपातून बाहेर काढायचो की ते! हातच्या कांकणाला आरसा कशाला?"

"तिचं ऐकून तर घ्या," आई मान वर न करता म्हणाली. "तुमच्या पंपाचं मी सव्वीस वर्षं ऐकलंच ना?"

"काँक्रीट वाहतं यात शंका नाही," मी म्हणाले. "शंका समीकरणाबद्दल आहे. ते माणसाने कागदावर लिहिलंय. ते खरंच काँक्रीटबद्दल बोलतंय की नुसतंच बडबडतंय, हे कसं कळणार? त्याला उत्तरच नसेल, तर संगणक त्यातून जे आकडे काढतो ते कशाचे?"

बाबांनी थोडा विचार केला. "नकाशात जिना असतो, आणि बांधायला गेलं की डोकं छताला लागतं. तसं?"

"अगदी तसं."

"मग ठीक आहे. पुढे बोल."

मी आईच्या बटणांचा डबा घेतला आणि खिडकीच्या कट्ट्यावर बटणं मांडली. खरं समीकरण अवघड, म्हणून त्याचं किंचित खोटं, सोपं रूप घ्यायचं. त्याचं उत्तर मिळतं. ते पहिलं बटण. खोटेपणा कमी करायचा, पुन्हा उत्तर काढायचं. ते दुसरं. अशी न संपणारी रांग. ही उत्तरं सरकत सरकत एका जागी येतील, आणि ती जागा म्हणजेच खरं उत्तर, अशी आशा. पण सगळी तिथे येत नाहीत. काही इकडे, काही तिकडे. मात्र ती सगळी एकाच खोलीत कोंडलेली आहेत, हे दाखवता येतं. त्यामुळे कुठे ना कुठे दाटी होणारच. दाटीतली तेवढी वेचून घ्यायची, बाकीची टाकून द्यायची.

"या वेचलेल्या रांगेला उपक्रमिका म्हणतात," मी म्हणाले. "पण नाव तिला पहिल्या रांगेचंच देतात. एकदा वेचलं, त्यातून पुन्हा वेचलं, दर वेळी नवं नाव दिलं तर अक्षरं संपतील. म्हणून लिहायची पद्धतच आहे, 'या उपक्रमिकेलाही आपण पूर्वीचेच नाव देऊ.' सगळे लिहितात."

"माल बदलला आणि चिठ्ठी तीच?" बाबा पट्ट्यात जमेल तेवढे ताठ झाले. "आमच्याकडे असं केलं तर साइटवरून हाकलतील. प्रत्येक गाडीची चिठ्ठी वेगळी. किती वाजता भरली, पाणी किती घातलं. दोन गाड्या एका चिठ्ठीवर आल्या तर मी पंपात ओतूच देत नाही."

"माल तोच असतो, बाबा. त्यातलाच थोडा घेतलेला."

"कितीदा वेचतेस?"

"प्रत्येक क्षणाला. पाइपातला वेग क्षणाक्षणाला बदलतो ना. म्हणून एक क्षण धरायचा, त्या क्षणी दाटी कुठे होते बघायचं, आणि..."

"म्हणजे या क्षणाची गाडी वेगळी, पुढच्या क्षणाची वेगळी. आणि चिठ्ठी एकच."

तसं नाही हो, असं म्हणायला मी तोंड उघडलं. कसं नाही, ते सांगायला प्रबंध उघडला. पान एकसष्ट. माझंच वाक्य (अभिसारी म्हणजे दाटीच्या जागी सरकत येणारी): 'प्रत्येक क्षणी अभिसारी उपक्रमिका मिळते. तिला पूर्वीचेच नाव देऊ.' आणि त्याच्या खालच्या ओळीत मी ती एकच रांग सगळ्या क्षणांना वापरली होती.

यंत्राचा आवाज थांबला. आई माझ्याकडे पाहत होती.

"काय गं? पांढरीफटक पडलीस."

चूक काय होती ते सांगते. क्षण मोजता येण्यासारखे असते, पहिला, दुसरा, तिसरा असे, तर अडचण नव्हती. पहिल्या क्षणासाठी वेचायचं, त्यातून दुसऱ्यासाठी, त्यातून तिसऱ्यासाठी. मग पहिल्या रांगेतलं पहिलं, दुसरीतलं दुसरं, तिसरीतलं तिसरं असं तिरकं उचलत गेलं, की सगळ्यांना चालणारी एक रांग हाती येते. ही शंभर वर्षांहून जुनी युक्ती आहे. पण क्षण असे मोजता येत नाहीत. कुठल्याही दोन क्षणांच्या मध्ये इतके क्षण असतात, की त्यांची रांगच लावता येत नाही. मी प्रत्येक क्षणासाठी वेगळी रांग वेचली होती आणि सगळ्यांना एकच नाव दिलं होतं. नाव एक, म्हणून रांगही एक वाटली. चुकीच्या गणिताने मी फसले नव्हते. एका सवयीने फसले होते.

"पोरी, मी काही वाकडं बोललो का?" बाबांनी विचारलं.

"नाही," मी म्हणाले, आणि बटणं डब्यात भरायला लागले.

*

सोमवारी बाईंच्या खोलीत जायला वाट नव्हती. निवृत्तीसाठी पुस्तकं खोक्यांत भरली जात होती. एका खोक्यावरचे कागद बाजूला करून मी बसले आणि पान एकसष्ट त्यांच्यापुढे ठेवलं. काही सांगितलं नाही. बाईंनी वाचलं, मान डोलावली, पुढच्या पानावर गेल्या. मग परत आल्या. चष्मा काढला.

"मी हे तीनदा वाचलंय," त्या म्हणाल्या. "तिन्ही वेळा 'पूर्वीचेच नाव' दिसलं आणि डोळे आपोआप पुढे गेले. हे वाक्य मी स्वतः हजारदा लिहिलं असेल."

"मोजता येणाऱ्या क्षणांपुरतं बरोबर आहे," मी म्हणाले.

"वा. म्हणजे काँक्रीट मोजलेल्या क्षणांना वाहतं आणि मधल्या वेळात राम जाणे." त्या हसल्या, आणि मग हसू विझलं. "आणि चौथं प्रकरण सगळं त्या उत्तराच्या गुणधर्मांवर. ते किती गुळगुळीत, किती लवकर थांबतं. बाजारात तुरी..." त्यांनी म्हण पुरी केली नाही. चौथं प्रकरण त्यांचं आवडतं होतं.

भोक बुजवायचा मार्ग दोघींना माहीत होता. दोन जवळच्या क्षणांमध्ये कुठलंच उत्तर फार उडी मारत नाही, आणि ही 'फार नाही'ची मर्यादा सगळ्या रांगेला एकच आहे, एवढं दाखवायचं. मग मोजलेल्या क्षणांवरून मधल्या क्षणांवर पाय न घसरता जाता येतं. सोमवारी आणि मंगळवारी आम्ही तेच करत होतो. फळ्याचा डावा अर्धा बाईंचा, उजवा माझा. मर्यादा मिळायची, पण तिच्यात कुठेतरी रांगेतला क्रमांक लपलेला असायचा. पहिल्या उत्तराला उडी एक वीत, दुसऱ्याला दोन, दहाव्याला दहा. गडबड नेहमी एकाच ठिकाणी, काँक्रीट थांबतं त्या वेळेपाशी. वाहताना ते शहाण्यासारखं वागत होतं. थांबताना काय करील याचा नेम नव्हता.

चूक त्या चिठ्ठीच्या वाक्यातच आहे, हे मी आदल्या रात्री घरी सांगितलं होतं. मंगळवारी संध्याकाळी बाबांनी दारातच विचारलं, "चोक सापडला?"

"जागा सापडलीय. निघत नाहीये."

"पाइप चोक झाला की आम्ही हातोडीने ठोकत जातो. मोकळा असेल तिथे टण् वाजतो, माल अडकलेला असेल तिथे बद्द." त्यांनी खुर्चीच्या हातावर बोटाने ठोकून दाखवलं. "सगळीकडे ठोकलंस का? एका जागी सापडला म्हणून थांबायचं नसतं. पुढच्या वळणाला, बेंडमध्ये, दुसरा असतो."

मग मी प्रबंधाच्या एकशे अठरा पानांतली एकेक ओळ ठोकून पाहिली. सगळ्या टण् वाजल्या. बद्द फक्त एकसष्ट. याने बरं वाटायला हवं होतं. पण आजूबाजूचं इतकं खणखणीत होतं, की ते एक पान काढलं तर बाकीचं उभं कशावर राहतं, ते कळेना.

*

बुधवारी जाळीवाला आला. तो शेजारच्या विभागात संगणकावर प्रवाहांची चित्रं काढायचा. त्यासाठी पाइपाचे बारीक चौकोन पाडून जाळी करावी लागते, म्हणून त्याला सगळे जाळीवाला म्हणत. त्याचं खरं नाव पगारपत्रकाखेरीज कुठे वापरात नसावं.

"तुम्ही दोघी उत्तर आहे का म्हणून रडताय, आणि माझ्या पडद्यावर ते रोज दिसतं," तो म्हणाला. "फोटो काढून चिकटव पान एकसष्टवर. खाली लिही, उत्तराचे छायाचित्र, सौजन्य जाळीवाला."

"किती बारीक जाळी आहे?"

"पाहिजे तेवढी. बोल."

"मग बारा वेगवेगळ्या जाळ्या चालव. प्रत्येक आधीच्यापेक्षा बारीक. आणि थांबण्याच्या आसपासची चित्रं एकमेकांवर ठेव."

"सासूबाईंनी सांगितलं आणि सुनेने केलं," असं पुटपुटत तो गेला. चार वाजता आला तेव्हा त्याने विनोद केला नाही. लॅपटॉप फळ्याखाली ठेवला.

एका क्षणी तिसरी, पाचवी, आठवी आणि अकरावी जाळी एकमेकींशी जुळत होत्या, केसाएवढाही फरक नाही. त्याच्या किंचित पुढच्या क्षणी तिसरी फुटून निघाली आणि नववी येऊन मिळाली. आणखी किंचित पुढे पाचवी नि आठवी दोन टोकांना. जुळणारे गट प्रत्येक क्षणी होते. पण शेवटपर्यंत जुळलेला एकही नव्हता.

"माझ्या प्रोग्रॅममध्ये चूक असेल," जाळीवाला म्हणाला. "असू शकते. नेहमी असते."

"असेल," बाई म्हणाल्या.

बारा जाळ्यांवरून काहीच सिद्ध होत नाही. तेरावीपासून पुढच्या सगळ्या कदाचित गुण्यागोविंदाने नांदतील. हे मला ठाऊक होतं, आणि तरी मी फळ्याचा माझा अर्धा भाग पुसून टाकला. आम्हाला ते जमत नव्हतं, एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. ते जमण्यासारखंच नसावं, अशी शंका आता खोलीत येऊन बसली होती.

जाळीवाला गेल्यावर बाईंनी दार लोटलं.

"परीक्षकांचा अहवाल माझ्याकडे आहे. ते एकसष्टवर थांबलेले नाहीत. थांबले असते तर लिहिलं असतं."

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. माहिती दिली." त्या एका खोक्याला चिकटपट्टी लावत होत्या. पट्टी वाकडी लागली. त्यांनी ती काढली नाही. "चूक माझीही आहे, म्हणून काय कर ते मी सांगणार नाही. गप्प राहिलीस तर मी गप्प. बोललीस तर मी शेजारी उभी राहीन. यापलीकडे माझ्या हातात काही उरलेलं नाही गं."

घरी जाताना मी ठरवलं की बोलायचं नाही. आधी पदवी घ्यायची, जागा घ्यायची, आणि मग निवांत दुरुस्ती छापायची. लोक असं करतात. पुष्कळ लोक करतात.

*

गुरुवारी बाबा परीक्षेला आले. आईला पडदे पोचवायचे होते म्हणून ती येणार नव्हती, आणि ते एकटे येतील असं मला वाटलं नव्हतं. पट्टा शर्टाच्या वरून बांधलेला, केस पाण्याने बसवलेले. खुर्च्या खोल होत्या, बसलं तर उठता येणार नाही, म्हणून ते मागे भिंतीला टेकून उभे राहिले.

परीक्षक बाहेरून आलेले, वयस्क, किडकिडीत गृहस्थ. त्यांच्याजवळ दोन चष्मे होते आणि ते नेमका नको तो घालत. सुरुवातीलाच त्यांनी चौथ्या प्रकरणाची तारीफ केली. मी बोलायला लागले. आवाज ठीक होता. अर्ध्या तासाने ते पान पडद्यावर आलं, आणि मी ते वाक्य वाचलं, बाकीची वाचली तसंच, न थांबता.

"...तिला पूर्वीचेच नाव देऊ."

सबंध सादरीकरणात बाबांना कळेल असं तेवढं एकच वाक्य होतं. ते त्यांनी ओळखलं. मला ते दिसलं, कारण माझी नजर अनवधानाने मागे गेली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते खाली स्वतःच्या बुटांकडे पाहायला लागले, एखाद्या ओळखीच्या माणसाला नको ते करताना पाहिलं की आपण दुसरीकडे बघतो तसे.

मी पुढची स्लाइड लावली. मग मागे आणली.

"इथे चूक आहे," मी म्हणाले.

परीक्षकांनी चष्मा बदलला. मी चूक सांगितली. दहा मिनिटं लागली. बाई उठून माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "हे मीही पाहिलं नव्हतं."

परीक्षक भले गृहस्थ होते. ते रागावले नाहीत, उठून फळ्यापाशी गेले. "हे सुटेल हो," म्हणाले. "दोन क्षणांमधली उडी आवरली की झालं." त्यांनी लिहायला सुरुवात केली. तिसऱ्या ओळीनंतर ते कुठे अडकणार हे मला माहीत होतं आणि बाईंनाही. ते तिथेच अडकले. पुसलं, दुसऱ्या बाजूने आले, पुन्हा अडकले. बाईंनी एक सुचवलं, मी एक सुचवलं. पाऊण तास आम्ही तिघं एका फळ्यासमोर उभे होतो, खडूची धूळ बाह्यांवर, आणि खोलीत चौथा माणूस मागे कमरेवर हात ठेवून उभा होता.

शेवटी परीक्षक खाली बसले. "मला वाटलं होतं सोपं असेल," ते म्हणाले. त्यांचा चेहरा वाट चुकलेल्या माणसासारखा झाला होता. "असं आहे, की मुलगी हुशार आहे, काम चांगलं आहे. पण ज्या प्रमेयात भोक आहे हे आपल्या तिघांनाही माहीत आहे, त्याच्याखाली मी सही कशी करू? तुम्हीच सांगा."

प्रबंध दुरुस्तीसाठी परत, असं त्यांनी लिहिलं. मुदत एक वर्ष. बाईंनी सही केली. मार्गदर्शकाच्या नावापुढे, महिनाअखेरनंतर बदलणार, असं कंसात लिहावं लागलं.

*

बसच्या थांब्यासमोर एका इमारतीचं काम चालू होतं. पंपाची लांब सोंड तिसऱ्या मजल्यावर वाकलेली. बाबा ऐकत उभे राहिले. रस्त्यावरच्या इतर आवाजांतून त्यांना तेवढाच वेगळा ऐकू येत असणार.

"ती जागा?" त्यांनी विचारलं.

"गेली."

"आणि वर्षभरात होईल हे?"

"माहीत नाही. कदाचित उत्तरच नसेल, बाबा. तसंही असू शकतं. मग वर्ष काय नि दहा काय."

वर पाइपाच्या तोंडातून करडा लोट येत होता. पंपाचा एक दट्ट्या संपून दुसरा लागतो तेव्हा तो क्षणभर अडायचा, आणि पुन्हा यायचा. बाबांनी बोट दाखवलं. "बघ. थांबलं." मग, "आलं." पुन्हा, "थांबलं. आलं."

मी पाहत होते. तो थांबायचा तिथेच माझं पान एकसष्ट होतं, भर दुपारी, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. दट्ट्यामागून दट्ट्या तो तिथून सहज पार होत होता, आणि कसा, ते मला लिहिता येत नव्हतं.

"मी विचारायला नको होतं," बाबा म्हणाले. ते अजून वरच पाहत होते. "मला काय कळतं त्यातलं? उगाच तोंड उघडलं. चिठ्ठी म्हणे."

बरं झालं विचारलंत, असं मला म्हणायचं होतं. ते खरंही होतं. चार वर्षांत तो एकच प्रश्न नेमका होता. पण मी बस येतेय का ते बघायला वळले, आणि त्यांनी त्याचा जो अर्थ घ्यायचा तो घेतला. मान हलवली, दोनदा.

बस आली. पायरी उंच होती. मी त्यांच्या कोपराखाली हात घातला. ते एका पायावर तोल सावरत थांबले. दुसरा पाय वर येईना.

"घाई करू नका," मी म्हणाले.

"घाई नाही गं," ते म्हणाले. "येत नाहीये."

ड्रायव्हर वाट पाहत होता. आम्ही तसेच उभे होतो, ते अर्धे वर आणि मी खाली.